मोटरहोममागे हायब्रिड गाडी ओढून नेताना

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं आणि त्याच सप्टेंबरात, मागे आमची टोयोटाची हायब्रिड प्रायस डॉलीवर (ओढायच्या दोनचाकी गाड्यावर) चढवून, आई-बाबांना किंग्ज कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानात नेऊन आणलं. मधले महिने चौकशी, वजनकाटा, डीएमव्हीचे (वाहन नोंदणी खात्याचे) फॉर्म आणि ग्रीसने माखलेले हात यांत गेले. मोटरहोम भाड्याने घेणारी मराठी कुटुंबं इथे पुष्कळ आहेत, पण मागे गाडी जोडणारं, तेही हायब्रिड, असं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. विचारायला माणूस नसला की साधी गोष्टही किती अवघड वाटते हे त्या दिवसांत कळलं. म्हणून जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

मोटरहोम २०१२ सालचं, २८ फुटी, फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावरचं, व्ही-टेन इंजिनाचं. ज्याला इथे क्लास सी म्हणतात तसं, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेलं. खरेदीचे सोपस्कार सोपे होते. स्मॉगचा, म्हणजे धुराच्या तपासणीचा, दाखला विकणाऱ्याने द्यायचा असतो आणि तो ९० दिवसांच्या आतला लागतो. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, दोघांच्या सह्या झाल्या की दहा दिवसांत नावावर करून घ्यायचं आणि किमतीवरचा वापरकर भरायचा. आमच्या भागात तो साधारण दहा टक्के पडतो. किंमत ठरवताना तो आधीच मनात धरा. ट्रेसीजवळच्या एका आवारात महिना १९० डॉलरने जागा घेतली, कारण आमच्या वसाहतीत मोटरहोम उभं करायला परवानगी नाही.

मागे गाडी कशाला हवी? मोटरहोम एकदा साईटवर लावलं, खाली फळ्या देऊन समतल केलं, भांडीकुंडी बाहेर काढली, की मग ते घर होतं. दूध संपलं म्हणून ते हलवायचं तर सगळं पुन्हा आवरावं लागतं. त्यात डोंगरातले रस्ते. किंग्ज कॅन्यनला लागून असलेल्या सिकोया पार्कच्या जनरल्स हायवेवर पॉटविशा कॅम्पग्राउंडपासून जायंट फॉरेस्टपर्यंतच्या वळणांवर २२ फुटांपेक्षा लांब वाहन आणू नका, असं पार्क स्वतः सांगतं. पार्कची शटल बस असते, पण मुख्यतः उन्हाळ्यात. आमच्या बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. थांब्यावर उभं राहून बसची वाट बघणं त्यांना जमत नाही. आई-बाबा एप्रिलमध्ये साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार होते आणि त्यांना मोठी झाडं दाखवायची हे मी मनाशी पक्कं केलं होतं. शिवाय मोटरहोम एका गॅलनला आठ-नऊ मैल जातं, आमची २०१३ ची प्रायस पन्नासच्या आसपास. पेट्रोल पाच डॉलर गॅलन असताना हा फरक छोट्या फेऱ्यांत लगेच जाणवतो.

मार्चमध्ये एकदा नवरा मोटरहोम चालवत पुढे आणि मी प्रायस घेऊन मागे, असं जाऊन पाहिलं. हा मार्ग बिनखर्चाचा आहे आणि जवळच्या कॅम्पला मी आजही तोच सुचवेन. पण लांबच्या रस्त्यावर दोघांनाही सलग चालवावं लागतं, आळीपाळीने विश्रांती मिळत नाही. आणि आई-बाबा मोटरहोममध्ये असताना त्यांच्याजवळ बसणारं कुणी उरत नाही. तेव्हाच ठरलं, गाडी मागे जोडायची.

इथून खरा अभ्यास सुरू झाला. अमेरिकेत मोटरहोममागे गाड्या दिसतात त्यातल्या बहुतेक चारही चाकं जमिनीवर ठेवून, पुढे एक लोखंडी दांडा जोडून ओढलेल्या असतात. जीप रँग्लर किंवा २०१४ पर्यंतची होंडा सीआर-व्ही त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आम्ही गेलो त्या एका हिचच्या (ओढायच्या जोडणीच्या) दुकानात काउंटरवरच्या माणसाने प्रायसकडे बघून सांगितलं, "न्यूट्रलमध्ये टाका आणि न्या, सगळे तसंच करतात." त्याचा आत्मविश्वास पाहून नवरा जवळजवळ पटला होता. मी म्हटलं, आधी गाडीचं पुस्तक बघू.

टोयोटाच्या पुस्तकात याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे: ही गाडी मोटरहोममागे चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढण्यासाठी बनवलेली नाही. कारण समजून घेतलं तर हा नियम डोक्यात कायमचा बसतो. साध्या गिअरच्या गाडीत न्यूट्रल टाकलं की इंजिन आणि चाकं खरोखर एकमेकांपासून सुटतात. प्रायसमध्ये पुढची चाकं आणि एक मोठी विद्युत मोटर दातेरी चक्रांनी कायमची जोडलेली असतात. न्यूट्रल हा तिथे नुसता इलेक्ट्रॉनिक हुकूम आहे. मोटरला वीज देऊ नका, एवढंच तो सांगतो. चाकं फिरली की मोटर फिरणारच, आणि तिच्यात कायमचे चुंबक असल्यामुळे ती वीज तयार करणारच. इंजिन बंद असल्यामुळे इंजिनावर चालणारा तेलाचा पंपही बंद. म्हणजे तासन् तास गिअरपेटी नीट वंगणाविना फिरणार. नुकसान तर होईलच, पण पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढल्यास तयार झालेल्या विजेमुळे आग लागू शकते असा इशाराही त्या पुस्तकात आहे. हे वाचल्यावर त्या दुकानात आम्ही परत गेलो नाही.

सगळ्या हायब्रिड गाड्यांचं असंच असतं असं नाही. फोर्डची सी-मॅक्स हायब्रिड, फ्यूजन हायब्रिड आणि पुढच्या चाकांवर चालणारी मॅव्हरिक हायब्रिड या चारही चाकांवर ओढता येतात. त्याची पद्धत त्या-त्या पुस्तकात दिलेली असते. उलट आमच्या एका मित्राची रॅव्ह-४ हायब्रिड आहे. तिच्या मागच्या चाकांना वेगळी विद्युत मोटर असते, त्यामुळे पुढची चाकं उचलूनही भागत नाही, अख्खी गाडी ट्रेलरवर चढवावी लागते. ट्रेलर दोन हजार पौंडांच्या आसपास, गाडी पावणेचार हजारांच्या जवळपास. आमच्यासारख्या मोटरहोमच्या हिचची क्षमता त्याला पुरणारच नाही. तेव्हा शेजाऱ्याची हायब्रिड कशी ओढतात हे बघून ठरवू नका. तुमचं मॉडेल, तुमचं वर्ष, पुढच्या दोन चाकांवर चालणारी की चारही, आणि तुमच्याच पुस्तकातलं ते पान.

प्रायसची फक्त पुढची चाकं चालतात, म्हणून तिला डॉली चालते. डॉली म्हणजे दोन चाकांचा छोटा गाडा. त्यावर गाडीची पुढची चाकं चढवायची आणि पट्ट्यांनी घट्ट बांधायची. मागची चाकं रस्त्यावर मोकळी फिरतात. गाडी बदलून फोर्ड घ्यायचाही विचार केला होता, पण नुसता दांडा, गाडीला बसवायची पट्टी, ब्रेकचं यंत्र आणि मजुरी मिळून चार हजार डॉलरच्या पुढचा आकडा मिळाला, गाडीची किंमत वेगळीच. डॉलीवर शिक्कामोर्तब झालं.

विकत घेण्याआधी वजनं. यात घाई करू नका, कारण डोंगरात ब्रेक लागणार की नाही हे या आकड्यांवर ठरतं. मोटरहोमच्या दारावरच्या पट्टीप्रमाणे त्याचं भरलेलं वजन जास्तीत जास्त १४,५०० पौंड चालतं आणि मागे ओढायचं धरून सगळं मिळून २२,००० पौंड. मागच्या हिचवरच्या चिठ्ठीवर ५,००० पौंड लिहिलेलं. ही तिसरी मर्यादा बहुतेक जण बघत नाहीत. इंजिन कितीही ताकदीचं असो, हिच ५,००० चं असेल तर तुमची मर्यादा ५,००० च. आय-५ महामार्गावरच्या एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा काटा असतो, तिथे पाण्याची टाकी, पेट्रोल, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळं भरून मोटरहोम नेलं. पंधरा डॉलरच्या आसपास घेतात आणि पुढच्या-मागच्या आसांचं वजन वेगवेगळं छापून देतात. आमचं तेरा हजारांच्या थोडं वर आलं. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त भरतं, त्यामुळे कॅम्पवर पाणी मिळणार असेल तर टाकी पूर्ण भरून निघू नका. प्रायस साधारण ३,०५० पौंड, डॉली सहाशे-सातशे. एकूण पावणेचार हजारांच्या आत. तो कागद हातात आला तेव्हा कित्येक आठवड्यांनी मला नीट झोप लागली.

कायद्याचं मी स्वतः वाचून काढलं. कॅलिफोर्नियात आपला नेहमीचा क्लास सी परवाना (या 'क्लास सी'चा मोटरहोमच्या प्रकाराशी संबंध नाही) ४० फुटांपर्यंतच्या मोटरहोमला चालतो आणि त्याच परवान्यावर १०,००० पौंडांपर्यंतचं एक वाहन ओढता येतं, मध्ये डॉली असली तरीही. सगळी वरात ६५ फुटांच्या आत हवी. आमची पन्नासच्या आसपास भरते. मागे काही ओढत असाल तर वेगमर्यादा ताशी ५५ मैल, रस्त्यावर ६५ किंवा ७० ची पाटी असली तरी, आणि उजवी लेन धरायची. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ओढणीला स्वतःचा ब्रेक लागतो. म्हणून बिनब्रेकची डॉली स्वस्तात मिळत असूनही आम्ही तिकडे बघितलं नाही.

एप्रिलमध्ये जुन्या डॉल्या बघायला सुरुवात केली. पहिली सातशे डॉलरला मिळत होती, पण कागद नव्हते. "कशाला लागतात?" असं मालक म्हणाला. कागद नसले तर नाव लावताना निरीक्षण, पडताळणी, पुन्हा रांग. नमस्कार करून निघालो. दुसरी मँटिकाला एका वृद्ध जोडप्याकडे मिळाली, १,३५० डॉलरला. टायटल होतं, कॅलिफोर्नियाची ट्रेलरची कायमची नंबरप्लेट होती आणि सर्ज ब्रेक होते. सर्ज ब्रेक म्हणजे मोटरहोमने ब्रेक लावला की डॉली पुढे रेटली जाते आणि त्या रेट्यानेच तिच्या ब्रेकचं तेल दाबलं जातं. मोटरहोममध्ये वेगळं यंत्र बसवावं लागत नाही. त्या आजोबांनी प्रत्येक कडी स्वतः लावून दाखवली आणि मला उलट करून दाखवायला लावली. पैसे घेण्याआधी त्यांनी हे केलं, हे मी विसरणार नाही.

डीएमव्हीची भेट ऑनलाइन वेळ घेऊन मेमध्ये ठरली. तीन आठवडे थांबावं लागलं. ट्रेलरच्या प्लेटचा फॉर्म रेग-४०१७, सोबत टायटल आणि विक्रीची पावती. प्लेट डॉलीबरोबरच राहते, मालक बदलला तरी. काउंटरवर काम पटकन झालं, कारण फॉर्म घरून भरून नेले होते. पावतीवर डॉलीचा अनुक्रमांक लिहून घ्या, नुसतं 'टो डॉली' असं नको.

विम्याच्या कंपनीला फोन न करता ईमेल केला, म्हणजे उत्तर लेखी मिळतं. तीन प्रश्न विचारले. मागची गाडी दुसऱ्याला लागली तर कोणाचा विमा? आमच्या प्रायसचं नुकसान झालं तर कोणाचा? आणि रस्त्यात बंद पडलो तर मदतीला येणारी गाडी मोटरहोम, डॉली, प्रायस तिन्ही नेईल का? पहिल्याला मोटरहोमचा, दुसऱ्याला प्रायसचा, असं उत्तर आलं. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' होतं. वर्षाला थोडे जास्त पैसे भरून मोटरहोमसाठीची वेगळी सेवा घेतली.

तोवर आई-बाबा आले होते. बाबांची नोकरी एसटीच्या साताऱ्याच्या कार्यशाळेत गेली. डॉली बघताच त्यांनी खुर्ची मागवली, शेजारी बसले आणि एकेक चाक हाताने फिरवून कान देऊन ऐकलं. "बेअरिंग सुकलंय. ग्रीस कधी भरलं होतं?" टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमचे टायर दहा वर्षांचे निघाले, वरून नक्षी कोरी दिसत असूनही. दोन नवे टायर, बेअरिंग आणि ग्रीस मिळून साडेतीनशे डॉलर झाले. चाकं बांधायच्या पट्ट्याही नव्या घेतल्या, सव्वाशे डॉलर. पट्टी उन्हाने विटते आणि विटलेली पट्टी कधी तुटेल सांगता येत नाही, त्यामुळे जुन्या डॉलीबरोबर आलेल्या पट्ट्या वापरूच नका. हे काम करताना बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तो कामावरचा उत्साह दिसला. निवृत्तीनंतर त्यांना असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

प्रायसची म्हणून काही खास अडचण असेल तर ती तिच्या नाकाची. पुढचा बंपर खाली आहे आणि त्याच्या खालची प्लास्टिकची पट्टी आणखी खाली. डॉलीच्या उतरत्या फळ्यांवर चढताना ती घासते. उपाय सोपा आहे: लाकडाच्या दोन रुंद, लांब फळ्या डॉलीच्या फळ्यांच्या तोंडाशी ठेवायच्या म्हणजे चढ हलका होतो. दुसरं, मागचे दिवे. मोटरहोमचे दिवे गाडीमुळे झाकले जातात, म्हणून गाडीच्या मागे वेगळे दिवे लागतात. चुंबकाचे मिळतात, साठ डॉलरपर्यंत. पण आमच्या प्रायसचं मागचं दार ॲल्युमिनियमचं आहे, चुंबक चिकटतच नाही! छत पोलादी आहे. तिथे खाली मऊ फडकं घालून मागच्या कडेला दिवे बसवले. वायर दाराच्या फटीतून न नेता बाहेरून चिकटपट्टीने बांधत आणली. मोटरहोमचा सात पिनांचा प्लग आणि डॉलीचा चार पिनांचा, मध्ये जोडणी लागते. ती बसवून देणाऱ्या कारागिराने १८० डॉलर घेतले. हिचचा बॉल आणि दांडा सत्तर. डॉली समतल राहील अशा उंचीचा दांडा घ्या, नाक वर किंवा खाली झुकता कामा नये.

जूनमध्ये ट्रेसीच्या त्या आवारातच सराव केला, रविवारी सकाळी, गर्दी नसताना. क्रम असा बसला. डॉली मोटरहोमला जोडायची, साखळ्या खालून एकमेकींवर आडव्या टाकून अडकवायच्या, प्लग लावायचा. मी प्रायस हळू चढवणार, नवरा समोर उभा राहून हाताने खुणा करणार. चाकं खोबणीत बसली की पट्ट्या टाकून रॅचेटने आवळायच्या. मग स्टिअरिंग सरळ धरून सीटबेल्टने बांधायचं, कारण आमच्या डॉलीचा वरचा भाग स्वतः वळतो. आणि मग सर्वांत महत्त्वाचं. प्रायस बंद केली की आपोआप 'पी' मध्ये जाते, त्याने फक्त पुढची चाकं अडतात आणि ती तर हवेत आहेत. मागची चाकं पायाने लावायच्या पार्किंग ब्रेकने अडतात. सवयीने तो ब्रेक दाबला जातो आणि तसाच राहिला तर मागचे टायर रस्त्यावर घासत जातील. डॉलीवर बांधून झालं की पायाचा ब्रेक सोडलाय का, हे दोघांनी वेगवेगळं बघायचं. आम्ही ते कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवलं आहे. नव्या प्रायसमध्ये हा ब्रेक बटणाचा असतो आणि काही गाड्यांत आपोआप लागतो. तुमचा तसा असेल तर आपोआप लागणं बंद कसं करायचं ते आधी शिका.

डॉली जोडल्यावर मागे घेता येत नाही. दोन ठिकाणी वळणारी वरात काही फुटांतच मुरडते आणि धातू वाकतो. म्हणून पेट्रोल नेहमी ट्रक स्टॉपवर, जिथे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येतं. कॅम्पग्राउंडला पोचल्यावर गाडी प्रवेशद्वाराजवळच्या मोकळ्या जागेत उतरवायची आणि मग मोटरहोम साईटवर मागे घालायचं. रिकामी डॉली सपाट जमिनीवर आम्ही दोघं ढकलतो. साईट घेताना वाहनाच्या लांबीचा आकडा बघाच, पण डॉली ठेवायला कोपरा आहे का हेही नकाशावर शोधा.

सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीची गर्दी ओसरल्यावर निघालो. सकाळी सहाला पोहे खाऊन. पहिल्या काही मैलांत थांबून पट्ट्या बघायच्या असतात, कारण टायर बसतो आणि पट्टी सैल होते. डावी पट्टी रॅचेटच्या दोन दात्यांइतकी सैल झाली होती. आवळली, त्यानंतर थेट पेट्रोलच्या थांब्यावर पाहिली तर जशीच्या तशी. पचेको पासला वारा जोरात होता, मोटरहोम डोलत होतं, पण मागची गाडी आरशात दिसत नसल्यामुळे मला जास्त धास्ती वाटत होती. मागे कॅमेरा लावून घ्या. आम्ही नंतर लावला आणि मन निम्मं हलकं झालं.

फ्रेझ्नोच्या पूर्वेला, संत्र्यांच्या बागांमधून १८० नंबरचा रस्ता जातो, तिथे पुढे अपघात झाला होता. पोलीस सगळ्यांना मागे वळवत होते. दुपदरी रस्ता, बाजूला चर, मागे वाहनांची रांग, आणि आम्हाला मागे घेता येत नाही. पोटात गोळा आला. नवऱ्याने खाली उतरून त्या अधिकाऱ्याला सांगितलं, की गाडी उतरवावी लागेल. त्याने मागची रांग थोपवून धरली. मोटरहोमच्या चाकांना अडसर लावले, स्टिअरिंग सोडलं, पट्ट्या सैल केल्या, मी प्रायस चालू करून उलटी उतरवली. डॉली सोडून दोघांनी हाताने फिरवली. मोटरहोम बागेच्या फाटकाशी मागेपुढे करून वळवलं आणि थोड्या अंतरावरच्या फळांच्या दुकानाच्या आवारात पुन्हा सगळं जोडलं. अर्धा तासही लागला नाही. ट्रेसीतल्या रविवारच्या सरावाचं चीज इथे झालं. एकानेही हॉर्न वाजवला नाही, आणि आईने दुकानातून संत्री घेऊन त्या अधिकाऱ्यासाठी चार वेगळी काढून ठेवली होती, पण तोवर तो पुढे गेला होता.

फ्रेझ्नो समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० फूट, किंग्ज कॅन्यनमधलं ग्रँट ग्रोव्ह साडेसहा हजारांच्या वर. चढताना इंजिनाचा आवाज खूप वाढतो, तो वाढू द्या. मागे वाहनं साठली की बाजूच्या जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. येताना उताराची चिंता होती. गिअरच्या दांड्यावर टो-हॉल नावाचं बटण असतं. ते एकदा दाबलं की उतारावर इंजिनच गाडीला रोखून धरतं. बाबा मागून म्हणाले, "खंबाटकीत आमचे ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा." खाली आल्यावर त्यांनी मोटरहोमच्या आणि डॉलीच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन उष्णता पाहिली. कोमट होती, वासही नव्हता.

आणि ज्यासाठी सगळं केलं ते? तिथल्या साईटवर विजेची-पाण्याची जोडणी नसते, त्यामुळे मोटरहोम नुसतं उभं होतं आणि आम्ही रोज प्रायसने फिरलो. जनरल ग्रँट झाड २६८ फुटांचं आहे आणि भोवतीची वाट फरसबंद. बाबा काठी टेकत ती पूर्ण फिरले. दुसऱ्या दिवशी जनरल्स हायवेने जनरल शर्मनपर्यंत, तासाभराचा रस्ता. हे २७५ फुटांचं झाड आकारमानाने जगातलं सर्वांत मोठं. मुख्य पार्किंगपासून अर्ध्या मैलाची उतरती वाट आहे, मध्ये पायऱ्या. बाबा बाकांवर बसत बसत गेले आणि तसेच वर आले, मध्येच वाटलं तर परतायला गाडी वरच आहे या भरवशावर. खोडाशी आई बराच वेळ हात जोडून उभी होती. तिथून परतताना मी गाडी चालवत होते आणि डोळे सारखे भरून येत होते.

खर्चाचा हिशोब विचारतील त्यांच्यासाठी: डॉली, टायर-बेअरिंग, पट्ट्या, दिवे, वायर, बॉल धरून २,१५० डॉलरच्या आसपास. डीएमव्ही, विमा आणि कॅमेरा वेगळे. दरवर्षी बेअरिंगला ग्रीस आणि पट्ट्यांची तपासणी हा पुढचा खर्च. पट्ट्या वापर झाला की धुऊन, सावलीत वाळवून मोटरहोमच्या आत ठेवते.

आई-बाबा ऑक्टोबरात परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात मोंटानातल्या ग्लेशियरला जायचं आहे. तिथल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब आणि आठ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदीच आहे, म्हणजे प्रायस न्यावीच लागेल. वाटेतल्या प्रत्येक राज्याचे ब्रेकचे, वेगाचे आणि डॉलीच्या प्लेटचे नियम एका तक्त्यात उतरवायला घेतले आहेत. तक्ता पूर्ण झाला की इथेच टाकते.